गटाचा कॉम्प्युटर आणि आतली तबकडी

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आवाज नीट येतोय ना? जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर घासत घासत ऐका, माझी काही हरकत नाही.

आज कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे. हसू नका. मागे मसाल्याच्या पॅकिंगवर बोलले तेव्हा कार्यक्रम संपल्यावर तीन जणींनी मला तोच एक प्रश्न विचारला. "ताई, मुलीला लॅपटॉप घ्यायचाय. एकावर 1 टीबी लिहिलंय, एकावर 256 जीबी. किंमत जवळपास सारखी. दुकानदार म्हणतो 256 वाला घ्या. हा आम्हाला फसवतोय का?" मी तेव्हा म्हटलं, बघून सांगते. खरं तर उत्तर मला माहीत होतं, पण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आणि ते मला कसं कळलं, हे सांगायचं म्हणजे आमच्या एका गटाची गोष्ट सांगावी लागते. ती सांगायला मी त्या बायकांची परवानगी घेतली आहे. नावं मात्र सांगणार नाही.

मी शिकले बी.ए. मराठी. कॉम्प्युटरचं माझं ज्ञान म्हणजे कॉलेज संपल्यावर केलेलं एमएस-सीआयटी, तेवढंच. कल्याण तालुक्यात आणि मुरबाडच्या वाटेवरच्या गावांत गटांची समन्वयक म्हणून फिरते. तर टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला एक गाव आहे. तिथला अकरा जणींचा गट. उन्हाळ्यात मसाला, गणपतीला मोदकाचं पीठ, दिवाळीला चकलीची भाजणी. माल जातो डोंबिवलीच्या आणि ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये. गटाने 2018 साली कल्याणहून एक जुना कॉम्प्युटर घेतला, अकरा हजारांना. सचिव ताईंच्या ओटीवर ठेवला, वर प्लास्टिकचं कव्हर, त्याला गोंड्याची झालर.

त्याच्यावर ऑर्डरी, बिलं आणि हळूहळू गटाचा सगळा हिशेब जाऊ लागला. करोनाच्या काळात बैठका बंद पडल्या. नंतर सुरू झाल्या तेव्हा खातेवही लिहायचा कंटाळा लागला होता. "कॉम्प्युटरमध्ये आहे ना," हे वाक्य मी स्वतः किती वेळा ऐकलं आणि मान हलवून पुढच्या गावाला गेले. ही माझी चूक. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय, तर लेखे अद्ययावत ठेवणे. ते मीच शिकवते.

तो कॉम्प्युटर चालू व्हायला सहा-सात मिनिटं घ्यायचा. सचिव ताई बटण दाबून चहा ठेवायला जायच्या. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच असायचं. सगळ्यांना वाटायचं, जुना झालाय बिचारा. मग 2023 च्या जुलैमध्ये, पाऊस मुसळधार, लाइट दिवसातून चार वेळा जातेय, येतेय, आणि एक दिवस आतून आवाज यायला लागला. खट्, खट्, खट्. थोडा वेळ थांबायचा, परत खट् खट्. ताईंना वाटलं आत पाल शिरली. त्यांनी सीपीयूवर थापट्या मारल्या. दोन दिवसांनी पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं आली आणि पुढे काही नाही.

आता हा आवाज कशाचा, ते समजून घेऊ. कॉम्प्युटरमध्ये सगळं जिथं साठतं, ती हार्ड डिस्क म्हणजे एक धातूची डबी. तिच्यात आरशासारख्या चकचकीत गोल तबकड्या असतात, एकावर एक. त्या फिरतात. किती वेगाने? घरातल्या मोठ्या कॉम्प्युटरची बहुतेक मिनिटाला 7,200 फेऱ्या, म्हणजे सेकंदाला 120. लॅपटॉपमधली बहुतेक 5,400. तबकडीच्या वर एका दांड्याच्या टोकाला वाचणारा-लिहिणारा एक बारीकसा भाग असतो. जुन्या ग्रामोफोनची पिन आठवा. फरक एवढाच, की ग्रामोफोनची पिन तबकडीला टेकते, ही टेकत नाही. ती तबकडीवर तरंगते, आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो भागांपैकी एक भाग एवढ्या अंतरावर. ती टेकली की तबकडीवर ओरखडा, आणि ओरखड्याखाली जे काही होतं ते गेलं. चालू डबीला धक्का दिला, थापट्या मारल्या, तर ती टेकू शकते. लाइट अचानक गेली तर दांडा आपोआप बाजूला जाऊन बसतो खरा, पण अर्धवट लिहिलेलं बिघडतं, आणि रोज रोज असं होत राहिलं तर झीज होतेच. आमच्या ताईंना ऐकू येत होता तो आवाज म्हणजे तो दांडा जागा शोधत होता, सापडत नव्हती म्हणून परत मागे येत होता. तसा आवाज आला तर लगेच बंद करायचं असतं. आम्ही दोन दिवस चालू ठेवून थापट्या मारल्या.

ही तबकडी काही आजची नाही. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने 1956 साली बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि सगळ्या मिळून जेमतेम 5 एमबी मावायचं. आज तुमच्या मोबाइलवरचा नातवाचा एक फोटो एवढा असतो. तेव्हापासून डबी लहान होत गेली, आत मावणारं वाढत गेलं, पण फिरायचं काही थांबलं नाही.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. चिपा बसवलेली एक पातळ पट्टी, बस्स. पेन ड्राइव्हची थोरली बहीण म्हणा. तुमच्या मोबाइलमध्ये जे साठवण असतं तेही त्याच जातीचं. म्हणून तर मोबाइल हातातून पडतो, काच तडकते, पण फोटो जागेवर असतात. ही जात तशी नवी. जपानमध्ये तोशिबा कंपनीतले फुजियो मासुओका आणि त्यांच्या सोबत्यांनी 1980 नंतरच्या दशकात ती तयार केली. आज एसएसडीत असतात तशा चिपेची रचना त्यांनी 1987 साली मांडली. आपल्याकडच्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये ती यायला पुढे पंचवीसेक वर्षं लागली, कारण महाग होती.

आता वेगाचं बघा. हे गणित मला माझ्या भाच्याने सांगितलं. तो डोंबिवलीला स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. हार्ड डिस्कला एक गोष्ट आणायची तर दांडा योग्य जागी जायला हवा आणि तबकडी फिरून ती जागा दांड्याखाली यायला हवी. यात साधारण सेकंदाचा ऐंशीवा भाग जातो. आपल्याला वाटतं, किती कमी! पण म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी वस्तू. आणि कॉम्प्युटर चालू होताना त्याला इकडून तिकडून हजारो लहान लहान फायली उचलाव्या लागतात. एसएसडीला तीच गोष्ट आणायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा वेळ पुरतो.

मला ते असं समजलं. आपला मिसळणाचा डबा उघडला की हळद, तिखट, मोहरी समोर. हात घातला की चमचा त्यातच. आता कल्पना करा, तोच डबा कोणी गरगर फिरवतंय आणि तुम्ही एकाच जागी चमचा धरून मोहरीची वाटी खाली यायची वाट बघताय. मग परत हळदीची. अशी आमटी किती वाजता व्हायची?

म्हणून आमचा कॉम्प्युटर जुना झाला नव्हता. त्याचा मेंदू ठीक होता, तो डब्यापाशी ताटकळत बसायचा. हे तुम्हाला घरी तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर क्लिक करा. डिस्क असं लिहिलेलं दिसेल, आणि विंडोज फार जुनं नसेल तर शेजारीच एचडीडी की एसएसडी तेही दिसेल. एचडीडी म्हणजे तबकडीवाली. कॉम्प्युटर अडकलेला असताना डिस्कपुढे शंभर टक्के आणि सीपीयूपुढे दहा-पंधरा टक्के दिसले, तर दोष तबकडीचा. नवा कॉम्प्युटर घ्यायची घाई करू नका. रॅम, म्हणजे मेमरी, सुद्धा तिथेच बघा. ती 2 जीबी असेल तर नुसती एसएसडी टाकून भागणार नाही. 4 असेल तर चालेल, 8 असेल तर उत्तम.

आम्हाला मात्र दुकानदाराने सरळ सांगितलं, हा भंगारात द्या, बत्तीस हजारांत नवा घ्या. आम्ही बायका, चार जणी मिळून गेलो होतो, त्याला वाटलं असेल बचत गटाचे पैसे आहेत. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "विचार करून सांगतो." गटात बसलं की हे वाक्य फार उपयोगी पडतं. मग भाच्याकडे गेलो. 240 जीबीची एसएसडी 1,650 रुपयांना, विंडोज टाकून बसवायचे 500. रॅम 4 ची 8 केली, त्याचे आणखी 900. तीन हजार पन्नास रुपयांत काम झालं. घरी आणून बटण दाबलं, सचिव ताई सवयीने चहा ठेवायला उठल्या आणि दार ओलांडेपर्यंत पडदा तयार! त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "हा बंद का नाही झाला अजून?" त्यांना वाटलं, काहीतरी बिघडलं.

हे झालं कॉम्प्युटरचं. आत होता त्या हिशेबाचं काय?

तो गेला. ठाण्याला एका ठिकाणी डिस्क उघडून हिशेब काढून देतो म्हणाले. नऊ हजार रुपये, तेही निघेलच अशी खात्री नाही. आम्ही नाही म्हटलं. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. चौदा महिन्यांच्या नोंदी फक्त कॉम्प्युटरमध्ये होत्या. बँकेचं कर्ज नवं करायचं होतं, ते दीड महिना लांबलं. गणपतीच्या पिठाला तांदूळ उधारीवर घ्यावा लागला. ते सगळं निभावलं. पण दुसरंच एक उभं राहिलं.

गटातल्या एका ताईंनी कर्जाचा हप्ता 2,500 रुपये एप्रिलच्या बैठकीत भरला होता. त्या तसं सांगत होत्या. त्यांचं पासबुक पावसात भिजलं होतं, घर गळत होतं, शाई सगळी पसरलेली. सचिव ताई म्हणाल्या, "मला आठवत नाही, टाकलं असेल तर कॉम्प्युटरमध्ये." झालं. कोणी काही बोललं नाही, पण बोलायला कशाला लागतं? तीन आठवडे त्या ताई पाण्याला वेगळ्या वेळेला जायच्या. एकीने माझ्या कानात सांगितलं, "ताई, त्यांची अडचण आहे, माहितीय ना." म्हणजे खोटं बोलतायत असं. आणि दुसरीने सांगितलं, सचिव ताईंनी नवीन मिक्सर घेतलाय. म्हणजे पैसे त्यांनी खाल्ले असं. एका डबीतली तबकडी खराब झाली आणि दोन चांगल्या बायका चोर ठरायला आल्या.

तारणहार ठरलं ते इतिवृत्ताचं रजिस्टर. बैठकीचं इतिवृत्त मात्र हाताने लिहायची पद्धत सुटली नव्हती, कारण सह्या लागतात. त्यात कोणी किती दिले ते नव्हतं, फक्त एकूण जमा होती. त्या एप्रिलच्या बैठकीला हजर नऊ जणी, जमा 8,700 रुपये. मग मी बाकी आठ जणींची पासबुकं मागवली. एकीचं माहेरी राहिलं होतं, ते शहापूरहून मागवलं. आठ जणींची त्या दिवसाची बचत आणि हप्ते मिळून झाले 6,100. राहिले 2,600. बचत महिन्याला शंभर रुपये. म्हणजे शंभर बचत आणि पंचवीसशे हप्ता. बरोबर त्या ताई सांगत होत्या तेवढे. मी बेरीज तीनदा केली. मग बँकेच्या पासबुकात पाहिलं, दुसऱ्या दिवशी 8,700 भरलेले. सचिव ताईंनीही एक पैसा इकडे तिकडे केला नव्हता.

बैठकीत मी हे वाचून दाखवलं. सगळ्या गप्प. त्या ताई म्हणाल्या, "मी सांगतच होते." एवढंच. पुढचे दोन-तीन महिने त्या बैठकीला यायच्या, पण दाराजवळ बसायच्या.

तर आता लॅपटॉपचं. दुकानदार 256 ची एसएसडी घ्या म्हणतो तो या बाबतीत तरी तुम्हाला फसवत नाही. 1 टीबी म्हणजे साधारण चौपट मोठं कपाट, पण तबकडीवालं. मुलीला अभ्यासाला आणि गटाला हिशेबाला 256 पुरतं. आमच्या गटाच्या इतक्या वर्षांच्या एक्सेलच्या फायली सगळ्या मिळून 1 जीबीसुद्धा होत नाहीत. जागा खातात ते लग्नाचे व्हिडिओ. ते ठेवायला हार्ड डिस्क चांगली, अजूनही जास्त जागा कमी पैशात मिळते ती तिच्यातच. तुमची जुनी हार्ड डिस्क धड असेल तर ती काढल्यावर टाकू नका, तिला यूएसबीची केस मिळते. लॅपटॉपमधली लहान असेल तर नुसत्या वायरवर चालते, मोठ्या कॉम्प्युटरमधली असेल तर वेगळा अडॅप्टर लागतो.

भाव मात्र मी सांगितले तेच धरून बसू नका. मोठमोठ्या कंपन्या एआयसाठी चिपा उचलायला लागल्या, तशा 2025 च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या. असं आधीही झालंय. 2011 मध्ये थायलंडला महापूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्क महाग झाल्या. दोन-तीन दुकानांत विचारा, पक्कं बिल घ्या, बिलावर कंपनी आणि नंबर लिहून घ्या, वॉरंटी किती वर्षं ते बघा. अनोळखी नावाची, फारच स्वस्त मिळाली तर सोडून द्या.

एसएसडीची भीती घालणारेही भेटतील. लिहून लिहून ती संपते म्हणतात. खरं आहे, संपते. आमच्या ड्राइव्हच्या वॉरंटीत 80 टीबी लिहिण्याची मर्यादा होती. रोज 10 जीबी लिहिलं तरी ते आठ हजार दिवस होतात, म्हणजे जवळपास बावीस वर्षं. तोवर सचिव ताईंची नात हिशेब लिहीत असेल. खरी भीती वेगळी आहे. हार्ड डिस्क बहुतेक वेळा मरण्याआधी कुरकुरते, खट् खट् करते, मंद होते. एसएसडी बोलत नाही. काल चालू, आज बंद, असं होऊ शकतं. शिवाय हार्ड डिस्कवर चुकून पुसलेली फाइल कधी कधी परत काढता येते, एसएसडीवर बहुतेकदा नाही, कारण ती पुसलेली जागा स्वतःच साफ करून ठेवते. आणि एसएसडी बंद करून वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका, आतलं हळूहळू विरतं. नवी बसवली म्हणून वही सोडायची नाही, ते यासाठी.

आणखी दोन गोष्टी पटकन. सीपीयू जमिनीवर ठेवू नका. 26 जुलै 2005 ला मी शाळेत होते. कल्याण, बदलापूर, उल्हास आणि काळूच्या काठची गावं, सगळीकडे घरांत पाणी. पुढे 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तेव्हाही तेच. टेबलाच्या वर ठेवा, आणि भिजलाच तर सुकल्याशिवाय, दाखवल्याशिवाय बटण दाबू नका. दुसरं, जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तिच्यावर अकरा जणींची आधार कार्डं आणि पासबुकांचे फोटो असतात, आणि नुसतं फॉरमॅट मारून ते जात नाहीत. आमची ती मेलेली डिस्क भाच्याने स्क्रू काढून उघडली, आम्ही तबकड्या बघितल्या. आरशासारख्या, त्यावर एक बारीक गोल रेघ. मग अध्यक्ष ताईंनी फडक्यात गुंडाळून हातोडीने ठोकली. काही तबकड्या काचेच्या असतात, म्हणून फडकं. उरलेलं ई-कचऱ्यात दिलं.

आणि विंडोज 10 वापरत असाल तर, 14 ऑक्टोबर 2025 ला कंपनीने त्याचा नेहमीचा आधार थांबवला आहे. जुन्या कॉम्प्युटरला विंडोज 11 बहुतेक चढत नाही. एसएसडी टाकून तो पळेल, हिशेब लिहील, पण बँकेचे व्यवहार त्याच्यावर करू नका. त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलेन.

आमच्या गटात आता काय चालतं, तेवढं सांगते. हिशेब आधी खातेवहीत, बैठकीत, सगळ्यांसमोर. मग कॉम्प्युटरमध्ये. महिनाअखेरीला तो एका पेन ड्राइव्हवर उतरवतो, आणि तो पेन ड्राइव्ह सचिव ताईंच्या घरी ठेवायचा नाही, असं ठरलं. एकाच घराला आग लागली, पाणी शिरलं तर दोन्ही जायला नको. कोणाकडे ठेवायचा, यावर बैठकीत बराच वेळ शांतता होती. मग सचिव ताईच म्हणाल्या, दाराजवळ बसल्यायत त्यांच्याकडे. त्या ताईंनी आधी नाही म्हटलं, घर गळतं म्हणाल्या. मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचं ठरलं. दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी त्या डबा घेऊन येतात, आणि काम होईपर्यंत कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीवर बसून राहतात.